रानाच्या फाटकावरची तेवीस नंबरची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, पण मारायची नव्हे, चालायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण काठी म्हटलं की तुम्ही लगेच हात मागे घेता. मी आयुष्यात कुणाच्या पाठीला शिवले नाही. तरी माझ्यापायी एक चांगला माणूस गेला, आणि तेच सांगायला आज तोंड उघडलं आहे. मी काळी पडले आहे, मुठीजवळ चीर गेली आहे, तळाची लोखंडी टोपी झिजून एका अंगाला कलली आहे. म्हातारी म्हणा, चालेल. काडी म्हणालात तर मात्र पुढचं सांगणार नाही.

माझा जन्म भिंतीत झाला. आमच्या रानाच्या मधोमध एक मठ होता. कधीकाळी तिथे माणसं राहायची, पहाटे उठायची, भाज्या लावायची, मुकाट्याने जेवायची. मग ती गेली. कुणी म्हणतं रोगाने, कुणी म्हणतं लढाईने. छप्पर पडलं, कोठड्यांमध्ये नेचे उगवले, अंगणातल्या फरशांवर शेवाळ आलं. स्वयंपाकघराची एक भिंत तेवढी ताठ उभी राहिली, धुराने काळी झालेली. त्या भिंतीच्या फटीत कुठल्याशा पाखराने टाकलेल्या बीतून मी उगवले. मी वाढत होते आणि भिंत फाटत होती. दुसऱ्याचं घर फोडून मोठ्या होणाऱ्यांपैकीच मी एक, खोटं कशाला बोलू!

एक दिवस खाली तीन माणसं येऊन उभी राहिली. एक रानाचा रखवालदार, हाताने हुशार आणि तोंडाने मुका म्हणावा असा. दुसरी त्याची बायको, लग्न होऊन सहा महिने झालेली. पुढे सगळं जग तिला काकू म्हणायला लागलं, म्हणून मीही काकूच म्हणते. आणि तिसरा एक किडकिडीत तरुण. त्याच्या एका कानावर पेन्सिल, कमरेला मोजणीची फीत, काखेत वही. त्याला सरकारी कचेरीने मठाची मोजणी करून नकाशा काढायला पाठवलं होतं. तो मोजणीदार.

"हे झाड काढा," मोजणीदार म्हणाला. "नाहीतर दोन वर्षांत भिंत खाली येईल."

"बिचारं जीव धरून आहे," रखवालदार म्हणाला.

"जीव धरायला एवढं रान पडलंय, भिंतच सापडली का त्याला?" काकू म्हणाल्या आणि नवऱ्याच्या हातात कोयता दिला. बघा, म्हणजे मला तोडायला लावणाऱ्याही त्याच आणि जन्मभर जपणाऱ्याही त्याच. शिडी मोजणीदाराने धरली होती.

त्याच आठवड्यात मोजणीदाराला मठाच्या दाराशेजारच्या दगडी भिंतीत एका ओळीत भोकं सापडली. मोजली तर बत्तीस. कोठड्याही बत्तीस. तो दोन दिवस त्या भोकांसमोर बसून राहिला, आणि तिसऱ्या दिवशी धावत फाटकाजवळच्या रखवालदाराच्या चौकीवर आला.

"वहिनी, कळलं! तिथे खुंट्या होत्या. एका माणसाची एक. रानात जाताना आपली घोंगडी काढायची, परत आलं की टांगायची. संध्याकाळी कुणीतरी बघत असणार. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस अजून बाहेर."

काकू भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "शहाणी होती माणसं. मग आपण काठ्या करू."

एवढंच. आमचा सगळा कारभार त्या एका वाक्यातून उभा राहिला.

रखवालदाराने हिवाळाभर बसून बत्तीस काठ्या केल्या. सरळ फांद्या वाळवल्या, साली काढल्या, काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केल्या. प्रत्येकीला लोखंडी टोपी, मुठीला चामड्याची वादी, आणि तापलेल्या सळईने उमटवलेला नंबर. मला तेवीस मिळाला. डाग देताना चर्र झालं आणि वास सुटला, पण मी हूं का चूं केलं नाही. चौकीच्या भिंतीवर खिडकीसमोर लांब फळी लागली, तिच्यावर बत्तीस खुंट्या. रानातून तीन वाटा जात. तळ्याची अर्ध्या तासाची, मठाची तासाभराची, कड्याची अर्ध्या दिवसाची. येणाऱ्याने कुठलीही वाट धरावी, पण काठी घेतल्याशिवाय फाटक ओलांडायचं नाही. एकट्याला एक, घोळक्याला मिळून एक. बत्तीस काठ्या गेल्या की तेहेतिसाव्याने बाकावर बसून राहायचं. ऊन उतरलं की काकू फळीसमोर उभ्या राहायच्या आणि बोट लावून मोठ्याने मोजायच्या. बत्तीस झाले की कुलूप. एकतीस झाले की कंदील आणि दोरी.

एकदा एक मोठे अंमलदार आपल्या मंडळींना घेऊन आले. काठ्या संपल्या होत्या. काकूंनी बाक दाखवला.

"बाई, मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"नाही," काकू म्हणाल्या. "रानालाही ठाऊक नाही. म्हणून तर काठी घेऊन जायचं."

साहेब पाऊण तास बसले. जाताना एकोणीस नंबर घेऊन गेले, आणि आल्यावर स्वतःच्या हाताने खुंटीवर टांगून, खुंटीला हात लावून खात्री करून घेतली. आम्ही सगळ्याजणी त्या दिवशी खूप हसलो.

कौतुकाचेही दिवस आले, नाही असं नाही. एक चित्रं काढणाऱ्या बाई तळ्याकाठी पाय मुरगळून पडल्या होत्या. नऊ नंबरची खुंटी रिकामी दिसली, आणि अंधार पडायच्या आत काकू आणि रखवालदार त्यांना दोघांच्या मधे धरून घेऊन आले. बाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं. कड्याच्या वाटेवर दोन जावा भांडून वेगवेगळ्या दिशांना गेल्या होत्या, त्यांतली काठी नसलेली चुकली. काठी घेऊन आलेलीला काकूंनी आत येऊच दिलं नाही. "निघालात दोघी. आलात एक. दुसरी कुठाय?" तिला घेऊनच सगळे परत रानात गेले आणि दुसरीला शोधून आणलं. तेवीस वर्षांत, एकवीस वर्षांत, मला आता नेमकं आठवत नाही, पण काकूंचा आकडा कधी चुकला नाही. "माझा आकडा चुकत नाही," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आणि मी खुंटीवर छाती काढून उभी असायची. मला छाती नाही हे मलाही कळतं.

मोजणीदाराचं काय झालं? कचेरीने दोन वर्षांत काम बंद केलं, नकाशा अर्धा राहिला. पण मोजणीदाराने सोडलं नाही. दर गुरुवारी सकाळच्या बसने यायचा, मला खुंटीवरून काढायचा, एक पेन्सिल कानावर, दुसरी माझ्या वादीत खोचायचा, आणि मठात जायचा. दुसऱ्या कुठल्या काठीला कधी हात लावला नाही. म्हणायचा, "ही तिथलीच लेक आहे, हिला वाट दाखवावी लागत नाही." एका गुरुवारी एक कोपरा, दुसऱ्या गुरुवारी एक चौकट. दुपारच्या बसच्या आधी मला टांगून "येतो वहिनी" म्हणायचा. लग्न केलं नाही. शहरात एक खोली, तिथे एक खाट आणि नकाशांची गुंडाळी, असं त्यानेच सांगितलं होतं.

"भाऊजी, त्या भिंतींशीच लग्न लावून घ्या," काकू म्हणायच्या. "मोडक्या आहेत, नकार द्यायच्या नाहीत."

"विचारलं होतं वहिनी. म्हणाल्या, आधी नीट मोज."

असे दिवस गेले. तो भाऊजी म्हणता म्हणता म्हातारा झाला. मीही आता त्यांना 'अहो-जाहो' करते, वयाचा मान आहे. काकूंचे केस पांढरे झाले, रखवालदाराचा उजवा कान गेला. कान गेला हे तो कबूल करायचा नाही. "सगळं ऐकू येतं मला," म्हणायचा, आणि डावी बाजू पुढे करायचा.

आणि मित्रांनो, माणसं बदलली. म्हणजे वाईट झाली असं नाही, घाईची झाली. वाटेत कंटाळा आला की काठी झाडाला टेकवायची आणि पुढे जायचं. आठवड्याला दोनतीन काठ्या अशा रानात राहायला लागल्या. मग संध्याकाळी आकडा तुटायचा, काकू आणि रखवालदार गुडघे धरत रान पालथं घालायचे, आणि मिळायची नुसती काठी. माणूस केव्हाच घरी जाऊन झोपलेला. काकूंनी नियम केला: सापडलेली काठी खुंटीवर टांगायची नाही. दाराच्या कोपऱ्यात उभी करायची. तिचा माणूस फाटकावर आला की नंबर सांगेल, चार शब्द ऐकेल, आणि मग ती खुंटीवर जाईल.

ते चार शब्द फार कडू असायचे. काकूंची जीभ म्हणजे, काय सांगू, कोयत्याला तरी मूठ असते. एकदा एक तरुण बाप रिकाम्या हाताने आला. म्हणजे काठीपुरता रिकामा; खांद्यावर मूल झोपलेलं होतं. काकूंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काठी ठेवून आलात? उद्या लेकरू ठेवून याल." त्या माणसाचा चेहरा पांढरा पडला. मूल उचलायला दोन हात लागतात, काठीला तिसरा कुठून आणणार होता तो?  बाकावरची माणसं हसली. मीही हसले. रखवालदार तेवढा हसला नाही. त्या दिवसापासून त्याने एक गुपचूप काम सुरू केलं. रानात काठी दिसली की ती कोपऱ्यात न ठेवता, काकू आत असताना, हळूच खुंटीवर टांगायचा. लोकांना बोलणी बसू नयेत म्हणून. आम्हा काठ्यांना ते माहीत होतं. आम्हाला तो मोठा दयाळू वाटायचा.

मोजणीदारही विसरायला लागले होते. एकदा मला विहिरीच्या कठड्यावर विसरले. मग एकदा अंगणात. दोन्ही वेळा वादीतली पेन्सिल मात्र काढून नेली होती. त्या खेपेला काकू फाटकावरच होत्या.

"भाऊजी, आता गळ्यात बांधू का तुमच्या? ज्याने खुंट्या शोधल्या त्यालाच खुंटी आठवत नसेल तर घरी बसावं माणसाने. इथे येऊन आमचा आकडा बिघडवू नये."

मोजणीदार हसले नाहीत. "चुकलं वहिनी," म्हणाले आणि परत दीड मैल जाऊन मला घेऊन आले. त्यांची दुपारची बस चुकली. काकूंना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी चहा केला. पण 'जाऊ द्या' असं तोंडाने म्हणाल्या नाहीत. एवढे दोन शब्द त्यांच्या घरात कधी तयार झाले नव्हते.

पुढच्या गुरुवारी मोजणीदार आले. पानगळीचे दिवस होते, वारा सुटला होता, वाट पानांनी बुजली होती. मला खुंटीवरून काढून त्यांनी वादीत नवी, टोक केलेली पेन्सिल खोचली.

"आज संपवतो वहिनी. स्वयंपाकघराखालचं तळघर तेवढं राहिलंय."

"चाळीस वर्षं ऐकतेय, आज संपवतो, आज संपवतो."

"आज खरंच."

"आणि मग दर गुरुवारी काय करणार?"

 हे मोजणीदारांनी ठरवलेलं नव्हतं, मला त्यांच्या मुठीतून कळलं. मग म्हणाले, "इथे बाकावर बसून तुमचं बोलणं ऐकेन."

"माझं ऐकण्यापेक्षा तळघर बरं म्हणाल," काकू म्हणाल्या, आणि दोघंही हसली. गेल्या आठवड्याची अढी सुटली असं मला वाटलं. ते त्यांचं शेवटचं हसणं होतं.

स्वयंपाकघराच्या काळ्या भिंतीशी, बरोबर माझ्या जन्माच्या फटीखाली, त्यांनी मला टेकवलं. तळघराच्या पायऱ्या अरुंद होत्या, तिथे माझी अडचण झाली असती. "थांब इथे," मला म्हणाले. जुनी ओळख होती, माझ्याशी बोलायचे. खाली पाच पायऱ्या उतरल्याचं मी मोजलं. सहावीला दगड निखळल्याचा आवाज आला, मग घरंगळल्याचा, मग आवाजच नाही. हादऱ्याने मी भिंतीवरून घसरून गवतात पडले.

बऱ्याच वेळाने खालून हाक आली. "कुणी आहे का?" मी होते. माझा काय उपयोग!

दुपार कलल्यावर रखवालदार फेरीवर आला. पानं त्याच्या बुटांखाली चुरचुरत होती, वारा झाडांतून घोंगावत होता. मोजणीदारांना पावलं ऐकू आली. त्यांनी हाक मारली, "रखवालदार! अहो, इकडे खाली!" आवाज उजवीकडून आला. त्याच्या गेलेल्या कानाच्या बाजूने. तो वाकला, मला उचललं, नंबर पाहिला आणि मान हलवली.

"विसरले परत," तो मला म्हणाला. "दुपारच्या बसने गेलेसुद्धा असतील. आता ही त्यांना फाडून खाईल. चल बाई, ती बघायच्या आत तुला टांगतो."

मित्रांनो, काठीला घट्ट धरलं की तिला माणसाची नाडी कळते. त्याच्या हातात माया होती. तो आपल्या मित्राला चार कडू शब्दांपासून वाचवत होता. आणि मागून हाक येत होती, एकदा, दोनदा, तीनदा. वाट वळेपर्यंत मला ती ऐकू येत होती.

काकूंचं त्या दिवशी डोकं दुखत होतं, म्हणून तासभर आत पडल्या होत्या. रखवालदाराने मला तेवीसवर टांगलं आणि तो सरपण फोडायला मागे गेला. ऊन उतरलं. काकू बाहेर आल्या, फळीसमोर उभ्या राहिल्या. माझ्यापाशी बोट जरा थांबलं.

"गेले वाटतं भाऊजी. न सांगताच." मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे रुसवा आहेच अजून. रुसू देत. येतील पुढच्या गुरुवारी."

तीस, एकतीस, बत्तीस. आकडा बरोबर होता. फाटकाला कुलूप लागलं.

मोजणीदारांच्या खोलीवर त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. जगात त्यांची वाट बघणारी एकच जागा होती, ती रिकामी खुंटी. आणि त्या खुंटीवर मी बसले होते. थंडी पडली. त्या रात्रीबद्दल मी काही सांगणार नाही.

शुक्रवारी सकाळी काकू आम्हाला तेलाचा बोळा फिरवायच्या. एक नंबरपासून सुरुवात. बावीस झाली. मला हातात घेतलं, वादी पुसायला गेल्या, आणि त्यांच्या बोटांना पेन्सिल लागली. नवी. टोक केलेली.

त्या पेन्सिलीकडे बघत राहिल्या. भाऊजी काठी विसरतील, डबा विसरतील, छत्री तर प्रत्येक पावसाळ्यात एक. पण पेन्सिल विसरून घरी जाणारे नव्हते.

"अहो!" काकूंनी हाक मारली. "तेवीस कुणी टांगली?"

रखवालदार दारात आला. "भाऊजींनीच टांगली असेल."

"डोळ्यांकडे बघून सांगा."

 "मी टांगली. स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी पडली होती. म्हटलं, विसरून गेले."

"मग कोपऱ्यात का नाही ठेवलीत? नियम आहे ना? माणूस आल्याखेरीज खुंटीवर जायची नाही, मीच केलाय ना नियम?"

"तुझ्या तोंडाला भिऊन," रखवालदार म्हणाला. "गेल्या आठवड्यात तू त्यांना एवढं बोललीस. म्हटलं, परत नको."

  काकू मला हातात घेऊन तशाच निघाल्या, पायात चपला नाहीत, हाताला तेल तसंच. मठाची वाट तासाभराची. साठी उलटलेल्या त्या बाईने ती निम्म्या वेळात कापली. मी कधी कुणाचा एवढा भार घेतला नव्हता.

काळ्या भिंतीशी येऊन त्यांनी हाक मारली. "भाऊजी!" उत्तर नाही. त्या दुसरी हाक मारणार, एवढ्यात रखवालदाराने त्यांचा दंड धरला आणि डावा कान पुढे केला. दोघं गप्प उभी राहिली. वारा पडला होता. मग खालून आवाज आला, दगडावर दगड. टक्. थोड्या वेळाने, टक्.

ते जिवंत होते. मांडीचं हाड मोडलं होतं, ओठ निळे पडले होते, अंगावर पानं ओढून घेतली होती. काकूंनी खाली उतरून आपल्या पदरात त्यांचे हात घेतले आणि चोळायला लागल्या. रडत नव्हत्या. रागावल्यासारखं विचारत होत्या, "रात्रभर काय केलंत हो? रात्रभर काय केलंत?"

"वाट बघितली," मोजणीदार म्हणाले. शब्द तुटत होते. "म्हटलं, वहिनी मोजतील. खुंटी रिकामी दिसेल. येतीलच."

काकू त्यांचे हात चोळतच राहिल्या. 

रुग्णालयात ते अठरा दिवस होते. हाड बसवलं, पण छातीत थंडी शिरली ती निघाली नाही. काकू रोज बसने जायच्या. काय बोलायच्या मला ठाऊक नाही, मी चौकीच्या कोपऱ्यात होते. एकोणिसाव्या दिवशी त्या सकाळच्या बसनेच परत आल्या, आणि त्यांच्या काखेत मोजणीदारांची वही होती. ती त्यांनी रखवालदाराला उघडून दाखवली. शेवटच्या पानावर तळघर होतं. पडल्यावर, उजेड होता तोवर, झोपल्या झोपल्या, कानावरच्या पेन्सिलीने, हाताला लागेल तेवढं त्यांनी मोजून काढलं होतं. एक भिंत पूर्ण, एक अर्धी. पलीकडे रेघ थरथरत जाऊन थांबली होती. तिथवर हात पोचला नसावा.

त्यानंतर काकूंनी कुणाला बोल लावला नाही. लोक म्हणाले, म्हातारी निवळली. निवळलेली नव्हती, गप्प झाली होती; मी जवळून पाहिलं आहे, दोन्हीत अंतर आहे. काठी विसरून आलेल्याला त्या फक्त विचारायच्या, "सगळे आलात ना? बरं झालं." आणि ज्याने काठी नेली त्याच्याच हाताने ती परत घ्यायच्या, दुसऱ्या कुणाच्या नाही. रखवालदाराला त्यांनी त्या गोष्टीवरून कधी टोचलं नाही, आणि त्यानेही त्यांना नाही. जेवताना दोघं खिडकीतून वाटेकडे बघत बसायची. माझी खुंटी रिकामी ठेवली होती, मी कोपऱ्यात उभी असायची. रोज संध्याकाळी मोजणी तेविसावर येऊन थांबायची, काकू दारात जाऊन रानाकडे तोंड करून एक हाक मारायच्या, जरा थांबायच्या, आणि मग पुढचं मोजायच्या.

रखवालदार गेला. फाटकावर यंत्र आलं, त्यात तिकीट सरकवलं की दांडा फिरतो. यंत्र आत किती गेले ते सांगतं. बाहेर किती आले ते त्याला कुणी विचारत नाही. बाकीच्या एकतीसजणी चौकीमागच्या पत्र्याच्या खोलीत एका पिंपात उभ्या आहेत, असं ऐकते. त्यांतल्या निम्म्यांना वाळवी लागली असणार. काकूंची लेक लग्न होऊन शहरात राहते, तिच्या घरी काकू मला घेऊन आल्या. इथे दारामागे मी, तीन छत्र्या आणि एक झाडू असे राहतो. काकूंचे गुडघे गेले, पण माझ्यावर भार टाकत नाहीत. म्हणतात, "तिने एकदा वाहिलाय, पुरे."

रोज संध्याकाळी त्या दारापाशी खुर्ची ओढून बसतात आणि चपलांचे जोड मोजतात. लेकीचा, जावयाचा, तिन्ही नातवंडांचा. पाच भरले तरी कडी लावू देत नाहीत. एकेकाला हाक मारतात.

"आजी, चपला दिसताहेत ना? मग आम्ही घरातच असणार!" धाकटी नात चिडते.

"चपलांनी 'ओ' दिलेली नाही," काकू म्हणतात. "तू दे."

ती 'ओ' देते. मग कडी लागते.

माझं सांगणं फार नाही, मित्रांनो. जुन्या वाटांवर जाल, पडक्या भिंती बघाल, खुशाल बघा. आणि वाटेत एखादी काठी, टोपी, पिशवी एकटीच पडलेली दिसली, तर ती उचलून जागेवर ठेवायची घाई करू नका. तुमच्या मनात चांगलंच असेल, त्या रखवालदाराच्याही होतं. आधी तिथेच उभे राहा आणि हाक मारा. हाक मारून झाली की गप्प राहा. पाय वाजवू नका, आपसात बोलू नका. खालून उत्तर यायला वेळ लागतो.